आधी राखण ठरवा

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत पाण्याचा खजिना म्हणून एक भाग आहे. संस्थानच्या काळात कळंब्याच्या तलावाचं पाणी उताराने वाहत इथं यायचं आणि इथून गावात वाटलं जायचं. पंप नव्हता, वीज नव्हती, काम जमिनीच्या उतारावर भागायचं. आमची शाळा तिथून चालत सात-आठ मिनिटांवर. बावीस वर्षं मी त्या शाळेत विज्ञान शिकवलं. शेवटची बारा वर्षं हरित सेनेचं, म्हणजे मुलांच्या पर्यावरण गटाचं काम माझ्याकडे होतं. निवृत्त झाल्यापासून दुसऱ्या शाळांतल्या शिक्षिकांचे फोन येतात. "बाई, आमच्या मुख्याध्यापकांनी शाळा पर्यावरणपूरक करायचं मनावर घेतलंय. सुरुवात कशानं करू? सौर का वृक्षारोपण?" दहा मिनिटांच्या फोनवर हे सांगून होत नाही, आणि मला जे ठाऊक आहे त्यातलं बरंचसं चुकत चुकतच हाताला लागलेलं आहे. म्हणून एकदा सविस्तर लिहून काढते.

१. झाडं जुलैत लावतात, ती मरतात मेमध्ये

हरित सेनेचं काम घेतल्यावर पहिल्या वर्षी आम्ही साठ रोपं लावली. खड्डे आदल्या दिवशीच खणून ठेवले होते. पाहुणे आले, प्रत्येक खड्ड्यापाशी एकेक मूल उभं केलं, फोटो निघाले, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. पुढच्या जूनला शाळा उघडली तेव्हा मी आणि सहावीतला एक मुलगा कुंपणाच्या कडेनं मोजत गेलो. सात जिवंत होती. बाकीच्या ठिकाणी वाळकी काडी आणि शेजारी नावाची पाटी. तो मुलगा म्हणाला, "बाई, ह्यांला पाणी कोण घालणार हुतं?" मला उत्तर देता आलं नाही, कारण ते आम्ही कुणी ठरवलंच नव्हतं.

माझं पुढचं सगळं काम त्या एका प्रश्नातून निघालं. त्या दिवशी एक दोनशे पानी वही घातली आणि नियम केला: शाळेत नवीन काहीही आणायचं तर आधी या वहीत लिहायचं, की त्याची राखण शाळा चालू असताना कोण करणार, दिवाळीच्या सुट्टीत कोण करणार आणि मेमध्ये कोण करणार. तिसरा रकाना कोरा राहिला तर ती वस्तू आणायची नाही. मुलांनी तिला राखणवही म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव राहिलं.

दुसऱ्या वर्षी नऊच झाडं लावली. पटांगणाच्या कडेला जुन्या बांधकामाचा राडारोडा पुरलेला निघाला, तो तीन फूट खोल उकरून बाहेर काढला आणि चांगली माती भरली. ताम्हण, बहावा, करंज, सीताअशोक, आणि भिंतीपासून लांब एक उंबर. सुबाभूळ आणि निलगिरीची रोपं फुकट द्यायला एकजण तयार होते, "दोन वर्षांत शाळा हिरवी दिसेल" म्हणत होते. आम्ही नको म्हटलं. आपल्या मातीतल्या झाडावर पाखरू येतं, किडा येतो, फुलपाखरू अंडी घालतं. मुलांना बघायला ते हवं.

मेचा प्रश्न पेठेनंच सोडवला. आमच्या पेठेतली पोरं सकाळी सहाला फुटबॉलचे बूट बांधून तयार असतात, सुट्टी असो वा नसो. सरावाला जाता जाता एका झाडामागे दोघं, असं वाटून दिलं. प्रत्येक बुंध्याशी एक मडकं पुरलं, बुडाला भोक पाडून त्यात सुती चिंधीची वात. मडकं भरलं की दोन-तीन दिवस ओल टिकते, म्हणजे रोज कुणी आलं नाही तरी चालतं. काही मुलांनी ठिबकसाठी सलाईनच्या रिकाम्या बाटल्या आणल्या होत्या. त्या मी परत करायला लावल्या. दवाखान्याचा कचरा मुलांच्या हातात येता कामा नये, कल्पना कितीही छान दिसली तरी.

२०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे शाळा बंद झाली आणि ती लवकर उघडली नाही. नवातली दोन झाडं तेव्हा गेली. सात राहिली, कारण शिपाईमामा शाळेच्या आवारातच राहत होते.

२. खत करायला तालमीतून शिकलो

वाळलेला पाला जाळायचा, ही शाळेची जुनी चाल. रोज सकाळी प्रार्थनेच्या वेळी धूर. तो थांबवून आम्ही खड्डा खणला आणि पाला, डब्यातलं उरलेलं, फळांच्या साली असं सगळं त्यात टाकू लागलो. पंधरा दिवसांत असा वास सुटला, की शेजारच्या घरातली माणसं तक्रार घेऊन आली.

आठवीतल्या एका मुलीचे आजोबा तालमीतले जुने वस्ताद. नातीनं घरी सांगितलं असावं, एक दिवस ते स्वतःच आले. धोतराचा सोगा खोचून खड्ड्याकाठी बसले, हात कोपरापर्यंत आत घातला, मूठभर बाहेर काढून दाबली. त्यातून काळं पाणी गळलं. म्हणाले, "बाई, हौद्यातली माती रोज उकरली न्हाई तर ती बसती. बसली की नासती. हितं उकरतंय कोण?"

मग त्यांनी मुलांना तालमीच्या मातीचं सगळं सांगितलं. तांबडी माती चाळून घ्यायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालायचा, आणि कुस्तीला उतरायच्या आधी खोऱ्यानं खालची वर करायची. ज्याची पाळी असेल त्यानं करायची, मग तो कितीही मोठा पैलवान असो. खासबागेच्या मैदानात कुस्त्या बघितलेली मुलं होती ती. त्यांनी फडातली माती पाहिली होती, पण तिच्यामागचं रोजचं खोरं पाहिलं नव्हतं.

विज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर आमच्या खड्ड्यात हवाच नव्हती. हवा नसली की वेगळे जिवाणू वाढतात आणि सडका वास येतो. आम्ही खड्डा बुजवला आणि जमिनीवर विटांची जाळीदार टाकी रचली. तीन पाट्या वाळका पाला, एक पाटी ओलं, वर थोडी माती आणि ताकाचा शिडकावा. आठवड्यातून दोनदा उकरायचं. मूठ दाबली तर ओल लागली पाहिजे, पाणी गळता कामा नये. तीन महिन्यांनी पहिलं खत चाळलं, तेव्हा त्याला पहिल्या पावसातल्या मातीचा वास होता. ते बघायला वस्तादांना मुद्दाम बोलावलं होतं. त्यांनी ते हुंगून बघितलं आणि पाळीची यादी कुठं लावलीय ते विचारलं.

३. आणायच्या आधी मोजा, आणि खिडक्या खरवडा

"पाणी वाया जातं" असं मुलांना सांगितलं तर ती मान डोलावतात. गळक्या नळाखाली बादली लावली की त्यांचे डोळे उघडतात. संध्याकाळी साडेपाचला तीन नळांखाली तीन बादल्या लावल्या, सकाळी साडेदहाला मोजल्या. १७ तासांत ३५ लिटर. नववीच्या मुलांनी फळ्यावर हिशेब मांडला: दिवसाला जवळजवळ ५० लिटर, वर्षाला १८ हजार. तिन्ही नळांची वायसर बदलायला अर्धा तास लागला. खर्च इतका किरकोळ होता की पावती मागायलाही लाज वाटली असती. तेव्हापासून दर सोमवारी सातवीची दोन मुलं सगळे नळ बघून येतात आणि "बाई, मुताऱ्यांकडचा परत गळायलाय" असं सांगून वहीत लिहितात.

विजेचंही तसंच. जुना पंखा ७५ वॉट खातो, नवा बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास. दिवसाला सहा तास आणि वर्षाला २२० दिवस धरले तर एका पंख्यामागे ६० युनिट वाचतात. पण सगळे पंखे एकदम बदलायला पैसे कुठले? मुलांनी वर्गावर्गांत जाऊन कुठला पंखा सगळ्यात जास्त वेळ चालतो त्याची नोंद केली आणि तिथून सुरुवात केली.

या सगळ्यात बिनपैशाचा आणि सगळ्यात मोठा बदल खिडक्यांचा होता. कधीकाळी कुणीतरी रस्त्याकडच्या तावदानांना आतून हिरवा ऑइलपेंट फासला होता, मुलांचं लक्ष बाहेर जाऊ नये म्हणून. त्यामुळे टळटळीत उन्हातही वर्गात चार-चार ट्यूब जळायच्या. एका शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही शिक्षक आणि मामांनी मिळून पत्र्याच्या पट्टीनं तो रंग खरवडला. सोमवारी मुलं आत आली आणि दारातच थबकली. बाकावरच्या कर्कटकाच्या जुन्या रेघासुद्धा दिसत होत्या. दोन दिवस ती बाहेर बघत राहिली, तिसऱ्या दिवशी फळ्याकडे वळली. पावसाळी दिवस सोडले तर त्या बाजूच्या वर्गांत आता दिवसा दिवे लागत नाहीत.

४. पाणी वाचवा म्हणण्याआधी मुलींच्या स्वच्छतागृहात जाऊन या

हे लिहिताना आजही मला वाईट वाटतं. नळांच्या यशानंतर उत्साहाच्या भरात आम्ही जागोजागी "पाणी जपून वापरा" असे फलक लावले. कुणीतरी ते जास्तच मनावर घेतलं आणि मुलींच्या स्वच्छतागृहाचा मुख्य कॉक दुपारनंतर बंद राहू लागला. मला ते दीड महिना कळलं नाही. कळलं ते कसं? दहावीच्या तीन-चार मुली डोकं दुखतंय म्हणून सारख्या घरी जाऊ लागल्या. एकीला जवळ बसवून विचारलं, तर म्हणाली, "बाई, आम्ही शाळेत पाणीच पीत न्हाई. मग जायला लागतंय."

मुली तहानलेल्या राहत होत्या आणि आमच्या वहीत पाण्याचा वापर कमी झाल्याची नोंद होत होती. तो आकडा मी वहीतून खोडला. कॉक उघडला, दाराच्या कड्या बसवल्या, आत बादली, मग, साबण आणि झाकणाचा डबा ठेवला. पर्यावरणाच्या नावाखाली कुणाच्या शरीरावर भार टाकायचा नाही, हा आमचा त्यानंतरचा नियम.

पॅडचा प्रश्नही तिथंच होता. मुली ती कुठंतरी कोंबायच्या, नळी तुंबायची, नाहीतर पाला जाळायचो तेव्हा ती त्याबरोबर जळायची. कुणीतरी विजेवर जाळायचं छोटं यंत्र भेट दिलं. त्याचा धूर सरळ वर्गात यायचा, म्हणून आठवड्यातच ते बंद केलं. २०१६ च्या घनकचरा नियमांप्रमाणे ती नीट गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्यायची होती. आम्ही जुन्या कागदाच्या पुड्या करून आत ठेवल्या, त्यावर लाल ठिपका. पुड्या करायचं काम वर्गात, मुलामुलींनी मिळून. पहिल्या दिवशी मुलं खाली बघत होती. आठवड्यानं कुणाची पुडी नीट चिकटली नाही, एवढीच चर्चा उरली.

५. छपरावर किती पाऊस पडतो ते मुलांना काढू द्या

एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी. एवढं एकच वाक्य मी फळ्यावर लिहिते आणि खडू मुलांच्या हातात देते. आमचा स्लॅब ४०० चौरस मीटरचा. पन्नास मिलिमीटरचा एक दिवस म्हणजे २० हजार लिटर. कोल्हापूर शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. गळती, बाष्प, पहिल्या सरीची धूळ यांचे वीस टक्के सोडले तरी तीन लाख लिटरच्या वर. हे सगळं पन्हाळीतून गटारात, गटारातून नाल्यात आणि नाल्यातून घाण होऊन पंचगंगेत जात होतं.

शाळेच्या मागं एक जुना आड आहे. पेठेतल्या पुष्कळ वाड्यांत असायचा तसा, घडीव दगडाचा. त्यात खेळताना चेंडू जायचा म्हणून वर पत्रा टाकून ठेवलेला. गाळ काढायला आठ दिवस लागले. चेंडू निघाले, पाट्या निघाल्या, एक पितळी घंटा निघाली. मग स्लॅबचे दोन पाईप वळवून खडी, वाळू आणि कोळशाच्या टाकीतून पाणी आडात सोडलं. मोसमातला पहिला पाऊस आत घ्यायचा नाही, त्याच्यासाठी वेगळी तोटी ठेवली. ती तोटी कधी फिरवायची हे आठवीच्या वर्गाकडे.

पुढं २०१९ चा ऑगस्ट आला. कोल्हापूरकराला त्याबद्दल काही सांगायची गरज नाही. पावसाळ्यात आमच्या व्हरांड्यातल्या फळ्यावर रोज सकाळी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी लिहिलेली असते: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. उपसा केंद्रं पुरात बुडाली आणि नदी गावात शिरलेली असताना गावाचे नळ कोरडे पडले. शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला. आमच्या शाळेत सखल भागातली काही कुटुंबं राहायला आली होती. त्यांचं आंघोळीचं, धुण्याभांड्याचं सगळं पाणी त्या आडानं पुरवलं. प्यायला टँकरचं, नाहीतर उकळून. गल्लीतली माणसं घागरी घेऊन रांगेत उभी राहिली आणि ती रांग लावायला आमचीच मुलं होती. ज्या शेजाऱ्यांनी खताच्या वासाची तक्रार केली होती, त्यांच्या घरीही ते पाणी गेलं.

याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि राधानगरीच्या धरणाचं काम त्याआधीच हाती घेतलं होतं. शाळा आणि पाणी या दोन गोष्टी एकाच माणसाच्या मनात शेजारी-शेजारी होत्या. पुस्तकात मात्र आम्ही त्या दोन वेगळ्या धड्यांत शिकवतो. आडाच्या काठावर उभं राहून शिकवलं तर त्या परत एकत्र येतात.

पूर ओसरल्यावर आड उपसून, चुना टाकून साफ केला. हेही वहीत आहे.

६. उरलेल्या खिचडीचं काय करायचं, हा दुसरा प्रश्न. ती उरते का, हा पहिला.

आठवीपर्यंत पोषण आहार असतो. रोज बादलीभर खिचडी उरायची. आम्ही आधी म्हशीवाल्याला विचारलं. त्यानं नाही म्हटलं, शिजवलेलं खारट-तेलकट अन्न रोज घातलं तर जनावराला बाधतं. मग बायोगॅसचा विचार केला. पुण्याचे डॉ. आनंद कर्वे आणि त्यांची 'आरती' संस्था यांनी स्वयंपाकघरातल्या उरल्यासुरल्यावर चालणारं छोटं संयंत्र तयार केलं होतं, त्याला २००६ साली ॲशडेन पुरस्कारही मिळाला. मी ते घ्यायच्या बेतातच होते.

खिचडी करणाऱ्या मावशींनी मला थांबवलं. "बाई, पाचवीच्या पोराला आन् आठवीच्या पोराला एकच डाव वाढायचा म्हटल्यावर उरणार न्हाई तर काय हुनार?" प्रयोगशाळेतला ताणकाटा आणून आठवडाभर उरलेलं वजन केलं, वर्गवार. मावशींचं बरोबर होतं. पाचवी-सहावीच्या ताटांतच सगळं उरत होतं. मग लहान डाव आणला: आधी थोडं घ्यायचं, परत मागायला कधीही यायचं, आणि मागायला येणाऱ्याकडे कुणी डोळे वटारायचे नाहीत. ही शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची, कारण घरून न जेवता येणारी मुलं मागायला लाजतात. पंधरा दिवसांत बादलीची जागा एका छोट्या पातेल्यानं घेतली. एवढ्यावर संयंत्र चालणार नव्हतं आणि मेमध्ये त्याला रोज खायला कोण घालणार, हा रकाना कोराच होता. ते घेतलं नाही याचा मला आनंद आहे.

७. भंगारवाल्याला वर्गात बोलवा

२०१८ च्या मार्चमध्ये राज्यानं प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली तेव्हा आम्ही प्रतिज्ञा घेतली, फेरी काढली, आणि फेरी संपल्यावर मुलांनी पाकिटं फोडून वेफर्स खाल्ले. मग नववीनं आठवडाभर पटांगणातली सगळी वेष्टनं गोळा केली आणि मी पेठेत फिरणाऱ्या भंगारवाल्याला वर्गात बोलावलं. त्यानं ढिगापुढं मांडी घातली आणि हातानं दोन ढीग करत गेला. "ह्ये घेतो. ह्ये घेत न्हाई. ह्ये घेत न्हाई." आतून चांदीसारखी चकाकणारी सगळी पाकिटं दुसऱ्या ढिगात गेली. एका मुलीनं का म्हणून विचारलं, तर त्यानं पाकीट फाडून पापुद्रे दाखवले. प्लास्टिक आणि धातूचा मुलामा एकमेकांना असे चिकटलेले असतात की ते कुणी वेगळे करत बसत नाही. दुसरा ढीग पहिल्याच्या कितीतरी पट मोठा होता. पुनर्वापराच्या माझ्या चार तासिकांत जे झालं नव्हतं ते त्या वीस मिनिटांत झालं.

गेटबाहेर एक आजी बसतात. त्यांना हाकलून लावा, असा एक प्रस्ताव आला होता. मुलांनी उलटं केलं, त्यांच्याशी बोलणी केली. पाकिटं बंद करून भडंग, फुटाणे, उकडलेल्या शेंगा, पेरू, आवळे. वर्तमानपत्राच्या कागदात नको, शाई अन्नाला लागते. म्हणून ज्यानं त्यानं घरून वाटी आणायची, आणि वाटी आणली की एक मूठ जास्त. आजींचा धंदा बुडला नाही. पाकिटं पूर्ण थांबली असं मी म्हणणार नाही, कोपऱ्यावरचं दुकान आहेच. पण पटांगण झाडताना मामांना आता सूपभर कचरा मिळतो, पूर्वी पोतं भरायचं.

८. सौर शेवटी

माजी विद्यार्थ्यांच्या एका तुकडीनं मेळाव्यात पाच किलोवॉटची सौर यंत्रणा देऊ केली. मी त्यांना एक वर्ष थांबायला सांगितलं, आणि त्यांनी ऐकलं याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. आधी पंखे, ट्यूब, खिडक्या. गळक्या भांड्यात दूध ओतण्यात अर्थ नव्हता. वर्षानं यंत्रणा बसली. एक किलोवॉटला स्वच्छ उन्हात दिवसाला चारेक युनिट मिळतात, म्हणजे आमचे वीस. जुलै-ऑगस्टमध्ये त्यापेक्षा बरेच कमी. मेमध्ये शाळा बंद असली तरी वीज तयार होते, ती नेट मीटरमधून बाहेर जाते आणि बिलात वळती होते.

सहा महिन्यांनी युनिटांचा आकडा उतरू लागला. बसवणाऱ्यांना फोन केले, कुणी फिरकलं नाही. नववीतला एक मुलगा मामांबरोबर गच्चीवर गेला आणि खाली येऊन म्हणाला, "बाई, पारव्यांनी पार वाट लावलीया." पॅनेलच्या काचा धुवायचं काम रोज मीटर बघणाऱ्या वर्गाकडे दिलं. पंधरा दिवसांतून एकदा, मोठं माणूस बरोबर असताना, उन्हं चढायच्या आत, साध्या पाण्यानं. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही. आकडा परत वर आला.

९. वह्यांची कोरी पानं

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी प्रत्येकाच्या वहीत दहा-वीस कोरी पानं उरलेली असतात. ती फाडून, शिवून, जुन्या पुठ्ठ्यात बांधून जूनला गणिताच्या कच्च्या वह्या होतात. एक दाभण, दोरा आणि एक दुपार लागते. हे कुठल्याही शाळेनं उद्यापासून करावं.

१०. वही दुसऱ्याच्या हातात द्या, आपण असतानाच

पहिली आठ वर्षं राखणवही माझ्या कपाटात होती आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. मी आजारी पडले तेव्हा तीन आठवडे त्या वहीत एक ओळ पडली नाही. परत आले तेव्हा खताची टाकी सडलेली होती. मुलांना कामं माहीत होती, पण वही बाईंची होती. त्यानंतर ती व्हरांड्यात खिळ्याला दोरीनं टांगली. दर वर्षी दिवाळीनंतर नववीनं आठवीला महिनाभर बरोबर घेऊन फिरायचं: कुठला कॉक कुठं, उंबराच्या मडक्याची वात किती जाड, पहिल्या पावसाची तोटी कुठल्या दिशेला फिरते. दहावीच्या परीक्षेच्या ताणात हे होत नाही, म्हणून नववीतच. नव्या शिक्षकांपैकी दोघांनी अधूनमधून सही करायची, बास. मामांचंही सगळं लिहून घेतलं. शाळेच्या जमिनीखालच्या पाईपांचा नकाशा कुठल्याही कार्यालयात नव्हता, तो त्यांच्या डोक्यात होता. मुलांनी त्यांच्याबरोबर चालत चालत तो कागदावर काढला.

गेल्या मेमध्ये, निवृत्तीला वर्ष होत आलं होतं, सकाळी भाजी घेऊन परत येताना मी शाळेकडे वळले. फाटक उघडं होतं. स्कूटर आत घेतली आणि ताम्हणापाशी लावली. जांभळे तुरे वरपर्यंत आले होते. सकाळची साडेसहाची वेळ असेल. दोन मुली कळशा घेऊन आडाकडून येत होत्या, मी शिकवलेल्यांपैकी नव्हत्या, बहुतेक पाचवी-सहावीच्या. त्यांनी एका झाडाचं मडकं भरलं, वात चाचपून बघितली आणि वहीकडे जाता जाता त्यातली धाकटी माझ्यापाशी थांबली.

"गाडी जरा बाजूला घ्या की. चाकाखाली आमचा पाईप हाय."